पाऊल आणि जमीन : चालणाऱ्या शरीरावरील बले

चालणाऱ्या माणसाच्या शरीरावर बाहेरून मोजकीच बले काम करतात. पृथ्वी त्याला खाली ओढते, जमीन त्याला वर उचलून धरते आणि पुढे-मागे ढकलते, हवा किंचित अडथळा करते. डोक्यावर किंवा हातात ओझे असेल तर त्याची भर पडते, एवढेच. शरीराच्या आतला हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे स्नायू ओढतात, कंडरा ताणल्या जातात, हाडे सांध्यांत एकमेकांवर दाबली जातात, आणि हे दाब बाहेरच्या बलांच्या कितीतरी पट मोठे असतात. साठ किलो वजनाची बाई सपाट रस्त्याने निवांत चालली तरी दर पावलाला तिच्या खुब्यावर दीडशे किलोंच्या आसपास भार येतो. हा भार बाहेरून कोणी टाकलेला नसतो. तो तिच्याच स्नायूंनी, तिला पडू न देण्यासाठी निर्माण केलेला असतो. बाहेरच्या लहान बलांतून आतली मोठी बले कशी उभी राहतात, हा चालण्याच्या यांत्रिकीतला कळीचा प्रश्न आहे.

या विषयाचे बहुतेक मोजमाप प्रयोगशाळेतल्या सपाट, कोरड्या फरशीवर, बूट घातलेल्या आणि रिकाम्या हातांनी चालणाऱ्या माणसांवर झालेले आहे. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातले चालणे असे नसते. पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन, पावसाळ्यात चिखलाने भरणारे पांदण रस्ते, एका पावलाएवढे रुंद धुरे, सोंगणीनंतर शेतात उभे राहिलेले तुरीचे खुंट, डोक्यावर चाऱ्याचा भारा किंवा पाण्याचा गुंड, पायांत झिजलेली चप्पल किंवा तीही नाही. मृगाच्या आगेमागे शेगावच्या गजानन महाराजांची पालखी अकोला, पातूर, मेडशी, मालेगाव, शिरपूर करत रिसोडला येते आणि पुढे सेनगाव, नर्सी, औंढा या वाटेने पंढरपूरकडे जाते. त्या वाटेवर हजारो पायांची कसोटी लागते. बलांचे नियम फरशीवर आणि चिखलात एकच आहेत. त्यांची खरी ओळख मात्र चिखलात, ओझ्याखाली आणि उतारावर पटते, म्हणून पुढील विवेचनात उदाहरणे शक्य तितकी याच मुलखातली घेतली आहेत.

पहिले बल वजनाचे. रिसोड विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे 20 अंशांवर आहे. या अक्षांशावर गुरुत्वत्वरण 9.78 ते 9.79 मीटर प्रतिसेकंद वर्ग इतके भरते. साठ किलो वस्तुमानाच्या माणसाला पृथ्वी तिथे सुमारे 587 न्यूटन बलाने ओढते. हे बल क्षणभरही थांबत नाही आणि चालीप्रमाणे बदलतही नाही. ते शरीराच्या कणाकणावर काम करते, पण हिशेबासाठी एका बिंदूवर, म्हणजे गुरुत्वमध्यावर, एकवटले आहे असे धरता येते. ताठ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या पुढे असतो. हात उचलला, ओझे घेतले, पुढे वाकले की तो सरकतो. पुढच्या हिशेबातली मापे किलोंत दिली आहेत. एक किलो म्हणजे एवढ्या वस्तुमानाचे वजन, अर्थात साधारण 9.8 न्यूटन, असे समजावे.

दुसरे बल जमिनीचे, आणि सगळी गुंतागुंत इथून सुरू होते. पाय जमिनीला जितक्या बलाने दाबतो तितक्याच बलाने जमीन पायाला उलट ढकलते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचे हे सरळ रूप आहे. स्थिर उभ्या माणसाला जमीन बरोबर त्याच्या वजनाइतके वर ढकलते. चालताना ते बल सतत वरखाली होते. टाच टेकल्यावर ते वेगाने वाढते, वजनाच्या सुमारे 1.1 ते 1.2 पटीपर्यंत जाते, मग पाय सरळ अंगाखाली असताना वजनाहून कमी होते, आणि चवड्याने रेटा देताना पुन्हा तितकेच वर चढते. आलेख काढला तर दोन उंचवटे आणि मध्ये एक खळगा दिसतो. निरोगी माणसाच्या चालीचा हा आकार इतका ठरलेला असतो, की एक उंचवटा बसका झाला तरी पायात कुठेतरी दुखणे किंवा अशक्तपणा आहे हे जाणकाराला कळते.

मधला खळगा का पडतो, याचा हिशेब करण्यासारखा आहे. टेकलेला पाय गुडघ्यात जवळजवळ सरळ असतो आणि शरीर त्याच्यावरून बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यासारखे कमानीत पुढे जाते. कमानीत फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे त्वरण लागते, आणि इथे केंद्र खाली, पावलापाशी आहे. पायाची लांबी 85 सेंटिमीटर आणि चालीचा वेग सेकंदाला 1.2 मीटर, म्हणजे ताशी चार किलोमीटरांहून थोडा जास्त, असेल तर वेगाच्या वर्गाला लांबीने भागून हे त्वरण 1.7 मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. ते गुरुत्वत्वरणाच्या 17 टक्के आहे. तेवढा भाग शरीराला कमानीवर वळवण्यात जातो, म्हणून जमिनीवरचा दाब तितक्याने घटतो. साठ किलोंचे शरीर त्या क्षणी जमिनीला फक्त 50 किलोंच्या आसपास जाणवते. सरासरी मात्र बिघडत नाही. एका पूर्ण आवर्तनात दोन्ही पायांखालच्या उभ्या बलाची बेरीज केली तर सरासरी नेमकी वजनाइतकी येते, कारण तसे नसते तर माणूस दर पावलाला उंच जात राहिला असता किंवा जमिनीत रुतत गेला असता.

वेग वाढला की हा खळगा खोल होतो. वेगाचा वर्ग भागिले पायाची लांबी हे प्रमाण गुरुत्वत्वरणाएवढे झाले की टेकलेल्या पायावर दाबच उरत नाही आणि चालणे अशक्य होते. 85 सेंटिमीटर पायाला ही मर्यादा ताशी सुमारे 10.4 किलोमीटर येते. प्रत्यक्षात त्याच्या बरेच आधी, प्रमाण निम्म्यावर आले की माणूस धावू लागतो. वर घेतलेल्या पायासाठी हा वेग ताशी सात किलोमीटरांच्या थोडा पुढे पडतो. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी हेच प्रमाण वापरून लहान-मोठ्या अनेक प्राण्यांच्या चाली एका सूत्रात बांधल्या. अर्धा मीटर पायाच्या मुलाला ही सीमा ताशी साडेपाच किलोमीटरांवरच गाठते. बाजाराच्या दिवशी घाईने चाललेल्या आईच्या बोटाला धरलेले मूल दुडुदुडु धावत असते, ते याच कारणाने. चंद्रावर गुरुत्व सहापट कमी असल्याने ही सीमा आणखी खाली येते, आणि अपोलो मोहिमांतले अंतराळवीर तिथे चालण्याऐवजी उड्या मारत गेले.

ही बले मोजण्याची खटपट जुनी आहे. इटलीतील जोव्हानी बोरेल्ली यांचा प्राण्यांच्या हालचालींवरचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1680-81 मध्ये छापला गेला. स्नायू तरफांवर काम करतात आणि त्यांना उचललेल्या ओझ्याहून कितीतरी अधिक जोर लावावा लागतो, हे त्यात त्यांनी गणिताने दाखवले. जर्मनीत वेबर बंधूंनी 1836 मध्ये चालण्याच्या यांत्रिकीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी बुटाच्या तळव्यात हवेची पिशवी बसवून पावलाचा दाब कागदावर उमटवला. लाइपझिग येथे ब्राउने आणि फिशर यांनी 1891 मध्ये एका माणसाच्या अंगावर विजेच्या प्रकाशनळ्या बांधून त्याच्या चालीची छायाचित्रे घेतली आणि त्यांतून शरीराच्या प्रत्येक भागावरील बले काढली. त्या आकडेमोडीला अनेक वर्षे लागली. विसाव्या शतकात जमिनीत बसवायच्या बलमापक पाट्या आल्या, आणि आता तेच काम संगणक पाऊल उचलायच्या आत करून देतो. साधने बदलली, पण बोरेल्लींनी मांडलेला तरफेचा हिशेब आजही तसाच वापरला जातो.

जमिनीचे बल केवळ उभे नसते. टाच टेकते तेव्हा पाय शरीराच्या पुढे असतो आणि जमीन त्याला मागे ढकलते. चालीला तेवढा ब्रेक लागतो. अर्ध्या टप्प्यानंतर पाय शरीराच्या मागे जातो आणि जमीन पुढे ढकलू लागते. ही आडवी बले वजनाच्या 15 ते 20 टक्के असतात, म्हणजे साठ किलोंच्या माणसाला दहा-बारा किलो. वेग कायम असेल तर मागचा आणि पुढचा धक्का एकमेकांना फेडतात. बाजूचे बल याहून लहान, वजनाच्या जेमतेम पाच टक्के. ते एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असे पडते. एका माणसाचे हे तीन किलो नगण्य वाटतात, पण लंडनमधला मिलेनियम पादचारी पूल 10 जून 2000 रोजी खुला झाला तेव्हा गर्दीच्या याच आडव्या धक्क्यांनी तो इतका हेलकावे खाऊ लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल हलला की लोक तोल सांभाळायला त्याच्या लयीत पाय टाकत, आणि त्यामुळे तो आणखी हले.

हे सगळे आडवे बल घर्षणातून मिळते. जमीन गुळगुळीत असेल तर ती पायाला वर ढकलू शकते, पुढे-मागे नाही. साध्या चालीत आडव्या बलाचे उभ्या बलाशी प्रमाण साधारण 0.2 पर्यंत जाते, म्हणजे पाय आणि जमीन यांच्यातला घर्षणांक त्याहून जास्त असला पाहिजे. कोरड्या मातीवर किंवा डांबरावर तो सहज असतो. ओल्या काळ्या मातीचा वरचा पातळ थर मात्र त्याहून खाली उतरतो. धोका सर्वांत जास्त असतो तो टाच टेकल्यानंतरच्या लगतच्या क्षणी, कारण तेव्हा शरीराचा भार त्या पायावर येऊ लागलेला असतो आणि मागचा पाय सुटण्याच्या बेतात असतो. मागचा पाय सुटताना घसरला तर माणूस अडखळतो. पुढची टाच घसरली तर तो पाठीवर आपटतो.

या मातीत वाढलेली माणसे तिच्यावर चालण्याची पद्धत लहानपणीच शिकतात आणि ती पद्धत यांत्रिकीच्या कसोटीला पूर्ण उतरते. पाऊल आखूड टाकायचे म्हणजे आडवे बल कमी होते. टाचेऐवजी सगळा तळवा एकदम ठेवायचा म्हणजे दाब पसरतो. गुडघे थोडे वाकवायचे म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो. चपला हातात घ्यायच्या म्हणजे बोटे मातीत रुतवून घर्षणाची उणीव आधाराने भरून काढता येते. चपला हातात घेण्याचे आणखी एक सबळ कारण आहे. काळी माती चिकट असते, दर पावलाला ती तळव्याला थर धरते, आणि पांदणीत शंभर पावले टाकली की एकेका चपलेखाली अर्धा-अर्धा किलोचा लगदा लोंबू लागतो. पावलावरचे वजन दर पावलाला उचलावे, झोकावे आणि थांबवावे लागते. अमेरिकेत 1969 मध्ये झालेल्या मोजमापात असे दिसले की पावलांवर बांधलेल्या ओझ्याला तेवढ्याच वजनाच्या, धडावर वाहिलेल्या ओझ्याच्या चार ते सहा पट ऊर्जा लागते. दोन्ही पायांचा मिळून एक किलो चिखल म्हणजे पाठीवर पाच किलोंचे पोते. त्यात पाय रुतला तर तो बाहेर काढताना माती खाली ओढते, आणि जमीन मऊ असल्याने रेट्याचा बराच भाग तिला दाबण्यातच खर्ची पडतो. वाळूवर चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, असे 1998 च्या एका अभ्यासात आढळले. चिखलाचे गणितही त्याच जातीचे आहे. पावसाळ्यात शेतावर जाऊन-येऊनच माणूस थकतो ही तक्रार म्हणून अगदी खरी आहे, आणि पांदण रस्ते पक्के करण्याची मागणी ही श्रमाच्या मोजमापावर उभी असलेली मागणी आहे.

कठीण सपाट जमिनीवर चालणे त्या मानाने स्वस्त पडते, याचे कारण शरीराच्या वरखाली होण्यात आहे. 60 सेंटिमीटरांचे पाऊल आणि 85 सेंटिमीटरांचा ताठ पाय धरला, तर पाय सरळ अंगाखाली असतानाची उंची आणि दोन्ही पाय फाकलेले असतानाची उंची यांत साडेपाच सेंटिमीटरांचा फरक निघतो. घोटा, गुडघा आणि कमरेच्या हालचालींमुळे तो प्रत्यक्षात तीन-चार सेंटिमीटरांवर येतो. गुरुत्वमध्य वर असतो तेव्हा वेग सर्वांत कमी असतो आणि खाली येताना तो वाढतो. म्हणजे स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत आणि पुन्हा उलट असे रूपांतर होत राहते. उलट्या लंबकाची ही गती आहे. इटलीतील जोव्हानी काव्हान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की सोयीच्या वेगाला अशा देवघेवीतून साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा वाचते. उरलेली खर्च होते ती मुख्यतः एका पायावरून दुसऱ्यावर जाताना, खाली येणाऱ्या शरीराची दिशा पुन्हा वर वळवण्यात. मागच्या पायाने नेमक्या त्याच वेळी रेटा दिला तर हा खर्च कमी होतो. पोटरीचे स्नायू कमजोर झालेल्या म्हाताऱ्या माणसाला तो रेटा जमत नाही, आणि तेवढेच अंतर त्याला अधिक लांब वाटते.

आता आतली बले. चवड्यावर रेटा देण्याचा क्षण घेऊ. जमीन चवड्याला 66 किलोंच्या जोराने, म्हणजे साठ किलोंच्या 1.1 पट, वर ढकलते. हा बिंदू घोट्याच्या सांध्यापासून सुमारे 12 सेंटिमीटर पुढे आहे. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलिस कंडरा, सांध्यापासून सुमारे पाच सेंटिमीटर मागे आहे. घोटा हा टेकू आणि पाऊल ही तरफ. दोन्ही बाजू सारख्या व्हायच्या तर कंडरेला 66 गुणिले 12 भागिले 5, म्हणजे सुमारे 158 किलोंचा ताण द्यावा लागतो. घोट्याच्या सांध्यावर जमिनीचा रेटा आणि कंडरेची ओढ या दोन्हींची बेरीज पडते, ती 224 किलो. म्हणजे शरीराच्या वजनाच्या पावणेचार पट. स्नायू सांध्याच्या इतके जवळ का जोडलेले आहेत, तर थोडे आखडून पावलाला मोठी हालचाल देता यावी म्हणून. त्या सोयीची किंमत जोरात मोजावी लागते.

खुब्याचा हिशेब याहून बोलका आहे. जर्मन अस्थिशल्यचिकित्सक फ्रीडरिश पाउवेल्स यांनी तो 1930 च्या दशकात मांडला. दुसरा पाय उचललेला असताना टेकलेल्या पायाच्या खुब्यावर उरलेल्या शरीराचा, म्हणजे एकूण वजनाच्या सहा भागांपैकी पाच भागांचा, भार असतो. साठ किलोंत तो 50 किलो. त्याचा गुरुत्वमध्य खुब्याच्या सांध्यापासून सुमारे दहा सेंटिमीटर आत पडतो, त्यामुळे कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला कलायला पाहते. तिला सावरणारे स्नायू कमरेच्या बाहेरच्या अंगाला असतात आणि त्यांची भुजा फक्त पाच सेंटिमीटर. म्हणून त्यांना दुप्पट, म्हणजे 100 किलोंचा, जोर लावावा लागतो. 50 आणि 100 मिळून सांध्यावर दीडशे किलो. कृत्रिम खुब्यात बलमापक बसवून बर्लिन येथील बर्गमन यांच्या गटाने 2001 मध्ये जी मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत साध्या चालीत वजनाच्या सुमारे 2.4 पट भार दिसला. कागदावरचा अडीच पट आणि माणसाच्या शरीरात मोजलेला आकडा इतके जवळ यावेत, ही या शास्त्राची मोठी कमाई आहे.

याच तरफेवर आता पंधरा किलोंचा भरलेला गुंड ठेवावा. बाई तो चुंबळीवर तोलून सरळ चालते. खुब्यावरचा भार 50 चा 65 झाला, तो सावरायला स्नायूंचा जोर 100 चा 130 झाला, आणि सांध्यावरची बेरीज 195 वर गेली. डोक्यावर पंधरा किलो, खुब्यात पंचेचाळीस. केनियातल्या स्त्रियांवर 1986 मध्ये झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात, वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचे ओझे त्या डोक्यावरून जादा प्राणवायू न खर्चता नेतात असे आढळले होते. सरावलेल्या चालीतली ही काटकसर खरी असेल, पण ती दमाची काटकसर आहे. सांध्यावरच्या भाराला तिचा काही उपयोग नाही. दूरच्या विहिरीवरून वर्षानुवर्षे पाणी वाहणाऱ्या बाईला दम लागत नाही म्हणून तिचे कष्ट हलके ठरवणे चूक आहे.

ओझे हातात घेतले तर भुजेचा फरक आणखी ठळक होतो. उजवा पाय टेकलेला आहे आणि दहा किलोंची बादली डाव्या हातात आहे. उजव्या खुब्यापासून ती चाळीस सेंटिमीटरांवर लोंबते. अंग सरळ ठेवले तर एवढ्याने स्नायूंवर 80 किलोंचा जादा जोर येईल, म्हणून माणूस उजवीकडे झुकतो. तीच बादली दोन हातांत वाटून घेतली तर झुकावे लागत नाही. काठीचे गणित याच्या उलट चालते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. तिच्यावर केवळ पाच किलोंचा भार दिला तर चाळीस सेंटिमीटरांच्या भुजेमुळे स्नायूंना 40 किलोंची सूट मिळते आणि सांध्यावरचे दीडशे किलो 105 वर येतात. गावात काठी बहुधा दुखऱ्या बाजूलाच धरलेली दिसते, आणि तिथे तिचा हा फायदा बराचसा वाया जातो.

गुडघ्यावर सपाट चालीत वजनाच्या सुमारे अडीच पट आणि जिना उतरताना साडेतीन पटीपर्यंत भार येतो. उतरणे चढण्याहून गुडघ्याला जड जाते. चढताना दम जातो, कारण शरीर उचलावे लागते. अकोल्याकडून वाशिमच्या पठारावर येताना पातूर आणि मेडशी यांच्यामधल्या घाटात पाच टक्क्यांच्या चढावर साठ किलोंच्या माणसाला तीन किलो वजन सतत मागे ओढत असते. उतारावर तेच वजन पुढे ढकलते आणि मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आखडून त्याला रोखतात. अशा कामाने स्नायूंचे तंतू दुखावतात, आणि मांड्या दुसऱ्या दिवशी भरून येतात. हवेचा अडथळा एरवी विसरण्याइतका लहान, पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर. पण समोरून ताशी 25 किलोमीटरांचा वारा असेल तर तो दोन किलोंवर जातो, आणि खांद्यावर पताका घेतलेल्या वारकऱ्याला त्याहून बराच जास्त जाणवतो.

बल किती, याइतकेच ते किती जागेवर पडते हेही महत्त्वाचे. टाचेची टेकणारी जागा 25 चौरस सेंटिमीटर धरली तर 65 किलोंचा भार तिच्यावर चौरस सेंटिमीटरला 2.6 किलो दाब देतो. खडा किंवा तुरीचा खुंट पायाखाली आला की जागा एकदम आकसते आणि दाब अनेक पटींनी चढतो. त्यातच टाच टेकल्यावर पहिल्या दहा-वीस सहस्रांश सेकंदांत एक तीव्र धक्का बसतो. टाचेखालची चरबीची गादी तो काही अंशी जिरवते. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांना घट्टे पडतात, पण त्याने जमिनीची जाणीव बोथट होत नाही, असे केनियातील अनवाणी माणसांच्या 2019 च्या अभ्यासात दिसले. ही जाणीव फार मोलाची आहे. दाब एका जागी वाढला की माणूस नकळत पाऊल तिरके टाकतो, भार हलवतो. कुष्ठरोगात आणि जुन्या मधुमेहात संवेदना जाते, त्याच जागेवर तोच दाब हजारो वेळा पडत राहतो आणि जखम होते. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांच्या पायांच्या जखमा मांस सडल्याने होत नाहीत, त्या न जाणवलेल्या दाबाने होतात. मऊ रबरी तळाच्या चपला हा त्यावरचा साधा उपाय निघाला. दत्तपूर, तपोवन, आनंदवन यांसारख्या कुष्ठसेवेच्या संस्था ज्या विदर्भात उभ्या राहिल्या, तिथे या ज्ञानाने अनेकांचे पाय वाचले. मधुमेही माणसाने वारीत अनवाणी चालू नये, हा वैद्यकीय सल्ला त्याच मोजमापातून येतो आणि तो श्रद्धेच्या आड येत नाही.

शेगाव ते पंढरपूर हे पालखीच्या वाटेचे अंतर सुमारे 700 किलोमीटर आहे. 60 सेंटिमीटरांचे पाऊल धरले तर साडेअकरा लाखांहून अधिक पावले होतात, म्हणजे एकेक घोटा पावणेसहा लाखांहून जास्त वेळा दोनशे किलोंचा दाब सोसतो. यंत्राचा सांधा अशा वापराने झिजतो. जिवंत हाड भार ओळखते आणि त्याप्रमाणे स्वतःला घडवते. जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी 1892 मध्ये हा नियम मांडला. महिनोन्महिने वजनरहित राहिलेल्या अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, हे त्याचे उलटे प्रमाण आहे. घडण्याला वेळ मात्र लागतो. वर्षभर बसून काम केलेला माणूस एकाएकी रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालू लागला तर हाडात बारीक भेगा पडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगाला मागे टाकतो. शेतकऱ्याचे पाय वारीत टिकतात, कारण त्यांची तयारी शेतात वर्षभर चाललेली असते.

पाय गमावलेल्या माणसासाठी हे सगळे आकडे कृत्रिम पायाच्या मापाचे आकडे होतात. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र 1944 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी सुरू झाले. त्या काळचे पाश्चात्त्य धाटणीचे पाऊल बुटात घालण्यासाठी बनवलेले असे. घोटा ताठ, बोटे नावापुरती, आणि पाण्या-चिखलात ते खराब होई. जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1968 च्या सुमारास घडवलेले पाऊल अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या आणि ओल्या शेतात उतरणाऱ्या माणसाचा विचार करून बेतले होते. टाचेत आणि चवड्यात स्पंजाचे रबर, घोट्यात लाकूड, आणि त्या सगळ्यावर घट्ट रबराचे पायाच्या आकाराचे आवरण. टाचेतले रबर पहिला धक्का जिरवते. चवड्यातले वाकते आणि रेट्याच्या क्षणी शरीराला पुढे जाऊ देते. धुऱ्यावर पाऊल तिरके पडले तर ते आडव्या अंगानेही थोडे कलते, त्यामुळे बाजूचे बल एकदम वरच्या उरलेल्या पायाच्या टोकावर जात नाही. बाहेरचे रबर पाणी आत येऊ देत नाही आणि ओल्या मातीवर घर्षण टिकवते.